बर्फावरील पाऊलखुणा

लडाखच्या डोंगरांत हिवाळ्याची सकाळ उजाडते, तेव्हा सारा प्रदेश निर्जन भासतो. ओढे गोठलेले असतात, झाडे क्वचितच दिसतात आणि वाऱ्याखेरीज कशाचाही आवाज कानी येत नाही. परंतु रात्री हिमवर्षाव होऊन थांबला असेल, तर त्या शुभ्र भूमीवर नंतरचा सारा वृत्तान्त उमटलेला असतो. कोण आले, कोठे थबकले, कोठून पळत सुटले, हे जाणत्याला तेथे वाचता येते.

तेथील मेंढपाळांच्या दृष्टीने हे वाचन म्हणजे केवळ करमणूक नव्हे. शेळ्यामेंढ्या आणि याक हेच त्यांचे धन. लडाखी भाषेत ज्याला ‘शान’ म्हणतात तो हिमबिबट्या, आणि ‘शांगकू’ म्हणजे लांडगा, हे दोघेही त्या धनावर टपलेले असतात. त्यांत मोकाट कुत्र्यांच्या टोळ्यांची भर पडली आहे. सकाळी मेंढी मरून पडलेली आढळली, की अपराधी कोण, हा प्रश्न उभा राहतो. त्याचे उत्तर चुकले, तर शिक्षा निरपराध प्राण्याला होते आणि खरा अपराधी पुन्हा येतो.

हिमबिबट्याचा ठसा मोठा व गोलसर असतो. त्याची लांबी सुमारे नऊ ते दहा सेंटिमीटर भरते. चार बोटे आणि त्यांमागे रुंद तळवा, असे त्याचे रूप असते. पुढच्या पायाला वास्तविक पाच बोटे असतात. परंतु पाचवे बोट उंचावर असल्यामुळे जमिनीला टेकत नाही. तळव्याच्या मागील कडेला तीन फुगवटे दिसतात. मुख्य खूण मात्र नखांची! मांजराच्या कुळातील प्राणी चालताना नखे आत ओढून घेतात, म्हणून त्यांच्या ठशात नखे उमटत नाहीत. जुन्नरकडे उसाच्या फडाजवळ ओल्या मातीत बिबट्याचा माग याच खुणेने ओळखतात. निसरड्या चढावर हिमबिबट्या क्वचित नखे बाहेर काढतो. तेव्हा एकाच ठशावरून निर्णय करू नये. मऊ हिमात कधी कधी त्याच्या लांब शेपटीची ओढही दिसते.

लांडग्याचा ठसा रुंदीपेक्षा लांबीला अधिक असतो आणि त्यात बोटांपुढे नखांची टोके स्पष्ट दिसतात. पण कुत्र्याचा ठसाही तसाच! येथे भलेभले घोटाळ्यात पडतात. अशा वेळी एका ठशाकडे पाहत न बसता माग धरून चालत जावे लागते. लांडगा उगाच शक्ती वेचीत नाही. तो सरळ रेषेत जातो आणि त्याचा मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशावर पडतो. कळप असला, तर सारे एकामागून एक, पुढच्याच्या पावलांत पाऊल टाकीत चालतात. पाहणाऱ्याला वाटते, एकच लांडगा गेला. पुढे वाट फुटली, की तेथून चार वाटा निघालेल्या दिसतात! कुत्रा मात्र इकडे हुंग, तिकडे वळ, असा भटकत जातो, आणि त्याचा माग बहुधा एखाद्या वस्तीशी जाऊन पोचतो.

सशाची खूण गमतीची असते. दोन लहान ठसे एकामागे एक, आणि त्यांच्यापुढे दोन लांबट ठसे जोडीने. मोठे ठसे मागच्या पायांचे होत. उडी मारताना ससा मागचे पाय पुढच्या पायांच्याही पुढे टाकतो. हे ठाऊक नसलेला मनुष्य सशाच्या मागे उलट दिशेने निघेल.

बर्फ मात्र नेहमीच खरे सांगत नाही. उन्हाने ठशाच्या कडा वितळतात आणि कोल्ह्याचे पाऊल लांडग्याएवढे दिसू लागते. वाऱ्याने भोवतालचे भुसभुशीत हिम उडून गेले, तर दाबला गेलेला ठसा खड्ड्याऐवजी उंचवटा होऊन राहतो. १९५१ साली ब्रिटिश गिर्यारोहक एरिक शिप्टन यांनी हिमालयातील एका हिमनदीवर एका प्रचंड पावलाचे छायाचित्र घेतले. आकार कळावा म्हणून त्यांनी शेजारी बर्फकुऱ्हाड ठेवली होती. ‘यती’ नावाच्या हिममानवाची चर्चा त्यामुळे जगभर पसरली. तो ठसा वितळून वाढलेला असावा, असे अनेक जाणकारांचे मत आहे. पुढे यतीचे म्हणून जपलेल्या केस, हाडे इत्यादी नऊ नमुन्यांची तपासणी झाली. २०१७ साली तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: आठ नमुने अस्वलांचे निघाले, एक कुत्र्याचा! म्हणूनच जाणते लोक सकाळच्या तिरप्या उन्हात, सावलीतील ठसा निवडतात आणि त्याच्या वरच्या कडा सोडून तळ मोजतात.

पाऊलखुणा हिमबिबट्यांच्या मोजणीतही उपयोगी पडल्या. २०१९ ते २०२३ या काळात भारतात झालेल्या पाहणीत १३,४५० किलोमीटर वाटांवर त्यांच्या खुणा शोधण्यात आल्या आणि १,९७१ ठिकाणी स्वयंचलित कॅमेरे लावण्यात आले. ठशावरून जनावर कळते, ते नेमके कोणते हे कळत नाही. अंगावरील ठिपक्यांवरून मात्र ते ओळखता येते. छायाचित्रांत २४१ निरनिराळे हिमबिबटे ओळखले गेले. त्यावरून देशात ७१८ हिमबिबटे असावेत असा अंदाज निघाला. त्यांपैकी ४७७ लडाखचे आहेत.

लांडगे पकडण्यासाठी लडाखात पूर्वी ‘शांगडोंग’ नावाचे दगडी खड्डे बांधीत. आमिषासाठी आत उतरलेल्या लांडग्याला कललेल्या भिंतींमुळे बाहेर पडता येत नसे. मग लोक त्याला दगडांनी ठेचून मारीत. २०१८ साली चुशूलच्या ग्रामस्थांनी आपल्याकडील असे खड्डे निरुपयोगी करून शेजारी स्तूप उभारला. हिमबिबट्यासाठी उपाय निराळा. तो भिंतीवरून मेंढवाड्यात उडी घेतो आणि आत एकच गोंधळ उडाला, की एका रात्रीत कित्येक मेंढ्या मारतो. म्हणून अनेक गावांत मेंढवाड्यांवर तारेची मजबूत जाळी बसविण्यात आली आहे. अशा वाड्याभोवती सकाळी कधी कधी शानचे ठसे दिसतात. ते भिंतीच्या कडेने फिरलेले असतात, दाराशी थबकलेले असतात आणि तेथून परत डोंगराकडे गेलेले असतात.