फडताळ काढताना

आमच्या घराचे माजघर मातीचे आहे. म्हणजे जमीन मातीची, शेणाने सारवलेली. यंदा तिथे शहाबादी फरशी घालायचे ठरले. शहाबाद हे गाव कर्नाटकात, कलबुर्गी जिल्ह्यात आहे. तिकडचा हा दगड. आपल्याकडे घरोघर दिसतो. पायाला गार लागतो. फक्त त्यावर लिंबू-चिंच सांडू देऊ नये. तो चुनखडीचा दगड आहे, आंबटाने त्यावर डाग पडतो.

फरशीला एक अडचण होती. माजघराच्या भिंतीत जुने फडताळ होते. पुरुषभर उंच, थेट जमिनीपासून सुरू झालेले, दोन झडपांचे. घरात एकाने सुचवले, "फडताळापर्यंत फरशी आणू आणि थांबू." आम्ही नको म्हटले. फरशी आणि तिच्याखालचा माल मिळून जमीन दोन-तीन इंच वर येते. मग झडपा फरशीला अडणार, उघडणारच नाहीत. शिवाय उद्या फडताळ काढले तर तिथे फरशीविना खड्डा राहणार. म्हणून आधी फडताळ, मग फरशी.

सुताराला दोन दिवसांची मजुरी पडली असती. पुतण्या म्हणाला, "काका, आपणच काढू की. पहार घातली की झालं!" पहार म्हटल्याबरोबर आम्हाला १९८८ साल आठवले.

त्या साली पावसाळा संपल्यावर आम्ही स्वयंपाकघरातल्या कपाटाची चौकट काढायला घेतली होती. तेव्हा वय तिशीच्या आत, अंगात जोर. कपाट रिकामे केले, चौकटीत पहार घातली आणि रेटा दिला. चौकट सुटली. आम्ही खूश! इतक्यात वरून माती गळू लागली, आणि पाठोपाठ हात-दीड हात भिंत धाडकन खाली आली. आई तिथेच तांदूळ निवडत बसली होती. चुलीवरचे दूध वर आले म्हणून ती नुकतीच उठली होती. तिचे सूप विटांखाली गेले. आई काही बोलली नाही. आम्हाला मात्र त्या दिवशी घास गेला नाही.

वरच्या विटांचा सगळा भार त्या चौकटीवर होता. बाहेरून ते दिसत नव्हते, आणि आम्ही पाहायचा त्रासही घेतला नव्हता.

आता पाहायचे कसे, ते सांगतो. फडताळाच्या चौकटीवर वीतभर गिलावा हलक्या हाताने खरवडून काढा. आत काय दिसते? लांब दगड किंवा जाड लाकूड आडवे टाकलेले असेल आणि त्याची टोके दोन्ही बाजूंच्या भिंतीत वीतभर शिरलेली असतील, तर वरचा भार त्याच्यावर आहे. तो दगड जागचा हलवू नका, चौकट खुशाल काढा. पण चौकटीच्या लाकडावर थेट विटाच बसलेल्या असतील, तर हात थांबवा. चौकटीचे वरचे लाकूड मध्ये वाकले आहे का? झडपा वरच्या बाजूला घासतात का? चौकटीच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा गेल्यात का? माळ्यावर चढून हेही बघा, की एखाद्या तुळईचे टोक नेमके फडताळाच्या डोक्यावर तर आलेले नाही ना. यातले एक जरी दिसले, तरी काम गवंड्याचे आहे.

आमच्याकडे विटाच निघाल्या. लाकडावर बोटाने टकटक केले तर पोकळ आवाज आला. पटाशी टोचली, ती लोण्यात जावी तशी गेली. वाळवीने आतून सगळे खाल्ले होते. वरून रंग तेवढा शाबूत! मिस्त्रींना बोलावले. ते वाकून बघून म्हणाले, "गुरुजी, हे फडताळ नव्हं, हा खांब हाय. रंगानं उभा राहिलाय."

त्यांनी आधी भिंतीच्या दोन्ही अंगांना टेकू दिले. भिंत चांगली जाड होती. म्हणून पुढच्या अर्ध्या जाडीत खाच पाडून त्यांनी सिमेंटची तयार तुळई बसवली. दोन्ही टोके नऊ-नऊ इंच भिंतीत घातली. वरची फट मालाने गच्च ठासली. तो माल घट्ट झाल्यावर मागच्या बाजूलाही तसेच केले. एकदम दोन्हीकडून खाच पाडली असती, तर भिंत अधांतरी राहिली असती. माल आठ दिवस ओला ठेवला. तोवर टेकूला कुणी हात लावायचा नाही, अशी पोरांना ताकीद होती.

मग उरलेले काम आमचे. भिंतीतून विजेची तार गेली होती. मेन स्विच बंद करून फ्यूज खिशात ठेवला, आणि टेस्टर लावून तारेत वीज नसल्याची खात्री केली. नाकाला फडके बांधले. जुना तेलरंग कोरडा घासायचा नाही, कारण पूर्वीच्या रंगांत शिसे पुष्कळ असे आणि ती धूळ लहान मुलांना फार वाईट. घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांहून जास्त शिसे नको, असा नियम सरकारने २०१६ साली केला. आमचे फडताळ त्याच्या कितीतरी आधीचे. म्हणून मुलांना शेजारी पाठवले.

सुताराने जे शेवटी बसवले, ते आपण आधी काढायचे. प्रथम झडपा, मग फळ्या, मग पाठीची फळी, सर्वांत शेवटी चौकट. बिजागऱ्यांचे स्क्रू गंजले होते. रात्री थोडे रॉकेल सोडून ठेवले, सकाळी पेचकसाने फिरले. चौकट भिंतीत लोखंडी पट्ट्यांनी धरलेली होती. त्या ओढायच्या नाहीत, ओढल्या की विटा निघतात. भोवतीचा चुना कोरून पट्टी करवतीच्या लोखंडी पात्याने कापली.

पाठीच्या फळीमागे कागदांची चळत निघाली. शेतसाऱ्याच्या पावत्या, १९६० पासूनच्या. आईला वाचता येत नव्हते. कोणता कागद ठेवायचा आणि कोणता टाकायचा हे कळत नसल्याने तिने एकही टाकला नव्हता. आई आता नाही. पुतण्या त्या चुलीत घालायला निघाला होता. आम्ही त्या वर्षवार लावून पेटीत ठेवल्या.

खालची जमीन भुसभुशीत होती. वाळवीने पोखरलेली माती कडक लागेपर्यंत खणून काढली. वाळवीचे औषध जाणकाराकडून मारून घेतले. नंतर मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी भरला, प्रत्येक थरावर पाणी मारून धुम्मसने ठोकला. टाच दाबून पाहिली, उमटली नाही, तेव्हा पुढचा थर. एकदम भरला तर वरून कडक वाटतो, पण आत पोकळी राहते, आणि धान्याची कणगी ठेवली की फरशी तडकते.

पाण्याच्या नळीने पातळी घेतली आहे. सागवानी फळ्यांपैकी चार चांगल्या निघाल्या. खिळे अंबुराने उपटून डब्यात टाकले, तरी दोन कमी भरतात. मिस्त्री सोमवारी फरशी घेऊन येतील. तोवर माजघरात चप्पल घालूनच जायचे, असे घरात सांगून ठेवले आहे.