हँडल बदलण्याआधी टाकीचं झाकण उघडा

ब्रिटनमध्ये नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांच्या प्रश्नांत एक प्रश्न ठरलेला असतो. भाड्याच्या किंवा नुकत्याच घेतलेल्या जुन्या घरात संडासाच्या टाकीला समोरून हँडल आहे, ते दोन-तीनदा दाबल्याशिवाय पाणी सुटत नाही, तर ते काढून झाकणावर बटण बसवून घ्यावं का? विचारणाऱ्याच्या मनात उत्तर आधीच ‘हो’ असतं. पुण्या-ठाण्याच्या नव्या फ्लॅटमध्ये बटण पाहिलेलं असतं, हँडल म्हणजे जुनाट अशी समजूत असते, आणि इथल्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात बटणाचा तयार संच मिळतो. इथे बरीच वर्षं राहिलेल्या घरांचा सल्ला मात्र बहुतेकदा उलटा असतो: हँडल चालत नसेल तर ते दुरुस्त करा, उगाच बदलू नका. माझंही मत तेच आहे. हा जुन्या लोकांचा जुन्या वस्तूंवरचा जीव नाही. टाकीच्या आत काय आहे ते पाहिलं की मुद्दा लक्षात येतो.

ब्रिटिश घरातल्या हँडलच्या टाकीत सहसा सायफन असतो. सायफन म्हणजे उलट्या ‘यू’ आकाराची प्लास्टिकची जाड नळी. तिचं एक टोक टाकीच्या पाण्यात उघडं, दुसरं खाली भांड्याकडे गेलेलं, आणि वरचा बाक पाण्याच्या पातळीच्या वर. हँडल दाबलं की आतली दांडी एक चकती वर उचलते, चकतीवरच्या पातळ प्लास्टिकच्या पडद्यामुळे पाणी त्या बाकावरून ढकललं जातं, आणि एकदा ओघ सुरू झाला की टाकी रिकामी होईपर्यंत तो स्वतःच चालू राहतो. बटणाच्या टाकीत हा प्रकार नसतो. तिथे तळाच्या भोकावर रबराचं किंवा सिलिकॉनचं वॉशर बसलेलं असतं. बटण दाबलं की व्हॉल्व्ह उचलला जातो, पाणी सरळ खाली पडतं, आणि व्हॉल्व्ह पुन्हा खाली बसतो. सगळा फरक इथेच आहे. सायफन बिघडला तर पाणी सुटत नाही, कारण बाक ओलांडल्याशिवाय ते भांड्यात जाऊच शकत नाही. व्हॉल्व्ह बिघडला तर पाणी थांबत नाही. वॉशरखाली वाळूचा एखादा कण अडकला किंवा क्षारांचा थर बसला, की भांड्याच्या मागच्या भिंतीवरून पाण्याची केसाएवढी धार रात्रंदिवस वाहत राहते, आणि तिचा आवाजही येत नाही.

ब्रिटनमध्ये सायफन शंभरावर वर्षं टिकला तो याच गुणामुळे. एकोणिसाव्या शतकातल्या पाणी कंपन्यांना अशा टाक्या हव्या होत्या ज्यांतून पाणी नकळत वाया जाणार नाही. थॉमस क्रॅपरच्या नावाशी जोडला गेलेला आवाज न करणारा, व्हॉल्व्ह नसलेला फ्लश प्रत्यक्षात आल्बर्ट गिब्लिन यांच्या नावे 1898 साली पेटंट झाला होता. तीच जात आपल्याकडेही पोचली. मुंबईच्या जुन्या इमारतींत संडासात उंचावर बसवलेली, साखळी ओढायची बिडाची टाकी सायफनवरच चालायची. ब्रिटनच्या नियमांनी व्हॉल्व्हला कितीतरी काळ दारात उभं केलं नाही. 1999 साली पाण्याच्या जोडण्यांचे नवे नियम आले, 2001 च्या सुरुवातीपासून नव्या संडासाला एका फ्लशमागे 6 लिटरची मर्यादा लागली, आणि त्याच फेऱ्यात व्हॉल्व्हला आणि दोन बटणांच्या फ्लशला वाट मोकळी झाली. त्याआधी मर्यादा साडेसात लिटरची होती आणि त्याहीआधी 9 लिटरची. म्हणजे पाणी वाचवण्यासाठी जी गोष्ट आत आली, तिने गळतीलाही सोबत आणलं.

ही गळती क्षुल्लक नाही. पाणीबचतीवर काम करणाऱ्या वॉटरवाइज या संस्थेचा अंदाज असा, की ब्रिटनमधले 5 ते 8 टक्के संडास गळत असतात आणि गळणारा एक संडास दिवसाला साधारण 200 ते 400 लिटर पाणी घालवतो. इंग्लंडमध्ये एक माणूस घरात दिवसाला सुमारे 140 लिटर पाणी वापरतो, हे लक्षात घेतलं तर असा संडास म्हणजे घरात न दिसणारे दीड ते तीन जास्तीचे सदस्य. ज्या घराला मीटर आहे तिथे याचा हिशेब थेट बिलात येतो. बिल घनमीटरवर असतं आणि एक घनमीटर म्हणजे हजार लिटर, तेव्हा दिवसाला 300 लिटरची धार महिन्याला 9 घनमीटर खाते. त्यात मीटरचं वाचन सहा महिन्यांनी होत असेल, तर धार सुरू झाल्याचं कळायलाच अर्धं वर्ष जातं. पूर्वीच्या टाकीला बाहेरच्या भिंतीतून निघणारी ओव्हरफ्लोची नळी असे. टाकी भरून वाहू लागली की अंगणात पाणी पडे, शेजारी येऊन सांगत. आता ओव्हरफ्लो आतल्या आत भांड्यात सोडलेला असतो, त्यामुळे ती खूणही गेली.

यावर सर्वांत सबळ आक्षेप दोन बटणांच्या बचतीचा आहे. लहान बटण निम्मं पाणी सोडतं, तर मग एकूण हिशेबात फायदा नाही का? हिशेब करून पाहू. चार माणसांच्या घरात दिवसाला वीस फ्लश धरले, त्यातले पंधरा लहान धरले आणि प्रत्येक लहान फ्लशमागे 3 लिटर वाचले असं उदार मनाने मानलं (नियमाला लहान फ्लश मोठ्याच्या दोन-तृतीयांशापर्यंत चालतो, म्हणजे 6 लिटरच्या टाकीत बचत 2 लिटरचीही असू शकते), तरी दिवसाची बचत 45 लिटर. दिवसाला 200 लिटरची गळती महिनाभर चालली तर 6,000 लिटर गेले, म्हणजे चार महिन्यांहून अधिक काळची बचत संपली. वॉशर धड असेपर्यंत दोन बटणं जिंकतात हे मी नाकारत नाही. लंडन आणि आग्नेय इंग्लंडच्या जड पाण्यात ते किती दिवस धड राहील, हा प्रश्न आहे. शिवाय ही बचत हँडल ठेवूनही साधता येते. टाकी जुनी 9 लिटरची असेल तर साधारण एक लिटर जागा अडवणारी पिशवी आत सोडता येते. अनेक पाणी कंपन्या ती फुकट देतात. आणि हँडल नुसतं दाबून सोडलं तर कमी, दाबून धरलं तर पूर्ण पाणी सोडणारे सायफनही बाजारात आहेत.

दुसरा आक्षेप म्हाताऱ्या माणसांचा. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आईवडिलांना, सांधे दुखणाऱ्या बोटांना हँडल जड जातं, बटण सोपं पडेल असं वाटतं. प्रत्यक्षात उलटं होतं. झाकणातलं गुळगुळीत, खोल बसलेलं, दोन भागांत चिरलेलं बटण एका बोटाने जोर देऊन दाबावं लागतं. हँडल मनगटाने, कोपरानेही ढकलता येतं. इंग्लंडच्या बांधकाम नियमावलीत अपंगांसाठीच्या स्वच्छतागृहाचं मार्गदर्शन आहे, त्यात फ्लश चालवायला मोकळ्या बाजूला लांब, चपटा लिव्हर सुचवलेला असतो, तो याच कारणाने. हँडल जड वाटत असेल तर ते लांब पात्याचं घ्या. दिसण्याबद्दल मात्र वाद घालण्यात अर्थ नाही. ज्यांना बटणच आवडतं त्यांना ते आवडतं.

आता दोन-तीनदा दाबावं लागणाऱ्या हँडलकडे वळू. दोष बहुधा हँडलचा नसतोच. आधी पाण्याची पातळी पाहा. टाकीच्या आत भिंतीवर पातळीची रेघ असते, पाणी तिच्या बरंच खाली थांबत असेल तर ओघ धरत नाही, आणि भरणाऱ्या व्हॉल्व्हचा फ्लोट वर केला की काम होतं. मग हँडलच्या आतल्या दांडीला सायफनशी जोडणारा आकडा पाहा. तो वाकलेला किंवा तुटलेला असला तर नवा मिळेपर्यंत तांब्याच्या जाड तारेचाही चालतो. हे दोन्ही ठीक असेल तर सायफनमधला पडदा फाटला आहे असं समजा. पडदा स्वस्त असतो, श्रम तो काढण्याचे. भांड्यावर थेट बसलेल्या टाकीत पाणी बंद करून, टाकी रिकामी करून, खालचे दोन पंखांचे नट सोडवून टाकी उचलावी लागते. सायफन दोन भागांचा असेल तर टाकी जागेवर ठेवूनच आतला भाग काढता येतो, म्हणून सायफन बदलायचीच वेळ आली तर दोन भागांचा घ्यावा, पुढच्या वेळचे कष्ट वाचतात. प्लंबर ‘हे आता मिळत नाही’ म्हणाला तर एवढंच समजावं की त्याच्या गाडीत ते नाही.

तरीही बटण बसवण्याचे रास्त प्रसंग आहेत. टाकीच तडकली असेल, सगळा संच नव्याने घ्यायचा असेल, किंवा भिंतीआड लपवलेली टाकी करायची असेल, तर बटण ठीकच. फक्त टाकी जुनी ठेवून आतलं यंत्र बदलायचं असेल तर तीन गोष्टी पाहाव्यात. जुन्या झाकणाला भोक नसतं, आणि चिनी मातीच्या झाकणाला हिऱ्याच्या बिटाने भोक पाडायला गेलं की त्याला तडा जाण्याची धास्ती खरी असते. त्याऐवजी केबलवर चालणारा संच घ्यावा, त्याचं बटण हँडलच्याच भोकात समोरून बसतं. दुसरं, भांडं किती पाण्याचं आहे ते पाहावं. 9 लिटरसाठी घडवलेलं भांडं 3 लिटरने धुतलं जात नाही, आणि माणूस दोनदा दाबतो, तेव्हा बचत तिथेच संपली. तिसरं, यंत्रावर डब्ल्यूआरएएस (ब्रिटनमध्ये पाण्याच्या साधनांना मान्यता देणारी योजना) किंवा तशाच मान्यतेची खूण हवी. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त संचांवर ती असतेच असं नाही. अमेरिकेतल्या नातलगांनी पाठवलेले व्हिडिओ इथे उपयोगी पडत नाहीत, कारण तिथल्या टाकीत हँडलही साखळीने रबरी झडप उचलतं, म्हणजे तिथे व्हॉल्व्ह आधीपासूनच आहे आणि बटण लावल्याने गळतीचा प्रश्न नव्याने उभा राहत नाही.

घरात आधीच बटण असेल, आणि नव्या फ्लॅटमध्ये ते असतंच, तर ते काढायला नको. त्यावर लक्ष ठेवलं की पुरे. रात्री शेवटच्या वापरानंतर भांड्याची मागची आतली बाजू कोरडी पुसून तिथे टॉयलेट पेपरचा तुकडा चिकटवून ठेवावा. सकाळी तो ओला झाला असेल तर गळती आहे. ती कुठून, हे भरणाऱ्या नळाची तोटी बंद करून कळतं. टाकीकडे जाणाऱ्या नळीवर स्क्रू ड्रायव्हरची खाच असलेला छोटा व्हॉल्व्ह असतो. खाच नळीला आडवी केली की पाणी बंद. मग तासाभराने झाकण उघडावं. मधल्या ओव्हरफ्लो नळीच्या तोंडाशीच पाणी थांबलेलं दिसलं तर दोष भरणाऱ्या व्हॉल्व्हचा, तो टाकी जास्त भरतो आहे. पातळी त्याच्या खाली उतरत गेली असेल तर तळाचं वॉशर गेलं आहे. झाकण उचलताना जपावं, कारण काही बटणांच्या दांड्या आत लटकत असतात आणि घाईत ओढल्या तर मोडतात. व्हॉल्व्ह पाव फेरा फिरवला की तळाच्या बैठकीतून सुटतो. वॉशर पुसून, उलटं घालूनही कधी कधी काही महिने निभावतं, पण नवं घालणं बरं.

भाड्याच्या घरात यातलं स्वतःहून काही करू नये, झाकण उघडून पाहण्यापलीकडे. इंग्लंडमध्ये 1985 च्या घरमालक-भाडेकरू कायद्याचं कलम 11 नेहमीच्या कमी मुदतीच्या भाडेकरारांत पाण्याची आणि स्वच्छतेची साधनं चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी घरमालकावर टाकतं, आणि त्यात संडास स्पष्ट येतो. पाण्याचं बिल मात्र बहुतेक करारांत भाडेकरूच्या नावाचं असतं, म्हणून गळती दिसली त्याच दिवशी एजंटला ईमेल करावा, ओल्या कागदाचा आणि मीटरच्या आकड्यांचा फोटो जोडावा, आणि दुरुस्तीची तारीख मागावी. टाकी उघडलीच आहे तर भरणाऱ्या नळीवरून टी काढून जेट स्प्रे जोडून घेऊ, हा मोह बहुतेक आपल्या घरांना होतो. तो टाळावा. हातात धरायचा स्प्रे भांड्यातल्या पाण्यापर्यंत पोचू शकतो, म्हणून नियम त्याला, दूषित पाणी उलटं ओढलं जाण्याच्या दृष्टीने, सर्वांत धोक्याच्या पाचव्या वर्गात धरतात आणि हवेची मोकळी फट नसलेली, थेट मेनच्या पाण्यावरची अशी जोडणी चालत नाही. स्प्रे हवाच असेल तर ही अट पुरी करणारी जोडणी जाणकार प्लंबरकडून, घरमालकाची लेखी परवानगी घेऊनच करून घ्यावी.