सुट्टीत गवत मोजायला जाऊ द्यावं का?

बारावीनंतर मुलीने ‘रानात सर्वेक्षणाला जाते’ म्हटलं, की घरातून पहिला प्रश्न येतो: याने पोट भरतं का? या कामाने भरत नाही, कारण ते स्वयंसेवकाचं आहे. पण पुढची पाच वर्षं आणि काही लाख रुपये ज्या शिक्षणात घालायचे, ते आपल्याला मानवेल का, हे पाहण्याचा इतका स्वस्त मार्ग दुसरा नाही.

काम नेमकं काय?

बिघडलेली जमीन पुन्हा निसर्गाच्या हवाली करणं म्हणजे रीवाइल्डिंग. इंग्लंडमध्ये ससेक्स परगण्यातल्या नेप इथे सुमारे ३५०० एकरांची, चिकणमातीची, तोट्यातली शेती २००१ पासून अशी सोडत नेली. नांगर थांबला, गायी, तट्टं, डुकरं आणि हरणं मोकळी फिरू लागली. झुडपं माजली, त्यांत नाइटिंगेल पक्षी वाढले. जोधपूरच्या राव जोधा उद्यानात २००६ पासून सुमारे ७० हेक्टर खडकाळ जागेवरची वेडी बाभूळ काढून वाळवंटातली मूळ झाडझुडपं परत आणली. अशा जागी खरोखर काय बदललं, हे सर्वेक्षकाच्या नोंदींवरून ठरतं.

एक मीटर लांबी-रुंदीची चौकट जमिनीवर टाकायची, आतल्या प्रत्येक गवताचं नाव आणि त्याने व्यापलेली जागा लिहायची. झाडाचा घेर छातीच्या उंचीवर मोजायचा. ठरलेल्या वाटेने, ठरलेल्या वेळी चालत पक्षी नोंदवायचे आणि दर मोसमात त्याच जागी परत यायचं. काहीच दिसलं नाही तर शून्य लिहायचं. कंटाळून ते शून्य गाळलं, तर पुढचे सगळे निष्कर्ष फसतात.

आपल्याकडे पुण्याच्या टेकड्या पाहा. तिथे गिरिपुष्पाच्या झाडांची भरपूर लागवड झाली. हिरवळ दिसते, पण कुसळी, मारवेल अशी गवतं आणि उघड्या माळावर जगणारे धाविक, चंडोल या पक्ष्यांना ती सावली मानवत नाही. झाड कुठे लावायचं आणि कुठे मुळीच लावायचं नाही, हे मोजणीशिवाय कळत नाही.

पुढची वाट

वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्रातून बीएस्सी हा सरळ रस्ता. पदव्युत्तर शिक्षणासाठी पुण्याचं आबासाहेब गरवारे महाविद्यालय, देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था, बंगळूरूचं राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र (एनसीबीएस) ही नावं लक्षात ठेवा. भारतीय वन सेवेची परीक्षा विज्ञान, शेती, वनशास्त्र, अभियांत्रिकी अशा ठरावीक शाखांच्या पदवीधरांनाच देता येते. शाखा निवडतानाच हे पाहा. खाणी, धरणं, महामार्ग यांसाठी २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरणीय मंजुरी लागते, त्यामुळे सल्लागार कंपन्यांनाही जैवविविधतेचा अभ्यास करणारी माणसं हवी असतात. सोबत क्यूजीआयएस हे नकाशांचं मोफत सॉफ्टवेअर आणि थोडं संख्याशास्त्र शिकलेला उमेदवार पुढे सरकतो.

दुसरी बाजूही ऐका. सुरुवातीच्या बऱ्याच नेमणुका प्रकल्पापुरत्या असतात, पगार बेताचा असतो आणि मोसमात घरापासून लांब राहावं लागतं.

पालकांनी काय विचारावं?

पाठवण्याआधी संस्थेला थेट विचारा. वनखात्याची किंवा जमीनमालकाची परवानगी आहे का? गटासोबत अनुभवी माणूस कोण? साप चावला तर जवळचा दवाखाना किती लांब? मुलींच्या राहण्याची सोय काय? गोळा केलेल्या नोंदी कोण वापरणार, आणि अनुभवाच्या पत्रात केलेलं काम नेमकेपणाने लिहून मिळेल का? शेवटच्या प्रश्नाला गोलमोल उत्तर आलं आणि शुल्क मात्र भरमसाट असलं, तर ती सहल समजा.

आजच सुरू करता येईल असं

संस्थेची वाट पाहण्याचं कारण नाही. ईबर्ड आणि आयनॅचरलिस्ट ही निसर्गातल्या नोंदी करायची ॲप मोफत आहेत. २०२३ चा भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल सुमारे तीस हजार पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवर उभा राहिला, त्यांत बहुसंख्य हौशीच होते. घराजवळची एक पडीक जागा निवडा आणि वर्षभर, दर पंधरवड्याला, त्याच वेळी जाऊन नोंदी करा. वही भरली, तर प्रवेशाच्या मुलाखतीत दाखवायला गुणपत्रिकेपलीकडचं काहीतरी हाती असेल. चार पानांत उत्साह सरला, तर तेही उत्तरच आहे, आणि ते फी भरण्याआधी मिळालेलं बरं.