"हव मॅडम"वर जाऊ नको

राजापेठेत तुझी इंग्रजीची शिकवणी लागली, छान झालं. पण काल फोनवर म्हणालीस ना, "ताई, वर्गात सगळ्यांना समजते, पेपरात मात्र कोरं," तेव्हापासून तुझ्याशी बोलायचं मनात होतं.

अगं, तू विचारतेस "समजलं का?" त्याला आपल्या अमरावतीत एकच उत्तर, "हव मॅडम!" सगळ्यांसमोर नाही म्हणायची हिंमत कोणाची आहे? शिवाय पोट्टे काही खोटं बोलत नाहीत. मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी आलंय. सहावीपर्यंत शब्द इतका डोळ्यांखालून गेलेला असतो, की तो आपल्याला येतो असंच त्यांना वाटतं.

"अर्थ सांग" म्हणशील तर गाईडमधला अर्थ घडाघडा येईल. वाक्यात उपयोग तर विचारूच नको. "मला अमुक आवडते" या साच्यात आंब्यापासून भूकंपापर्यंत काहीही बसतं!

त्यापेक्षा असं कर. फळ्यावर लिही, 'आय ऑलमोस्ट मिस्ड द ट्रेन ॲट बडनेरा.' मग मराठीतच विचार, "गाडी मिळाली का?" अर्धा वर्ग "नाही" म्हणेल, कारण त्यांना 'मिस्ड' तेवढं दिसलं, 'ऑलमोस्ट' नाही. पुढे विचार, "हा माणूस आता गाडीत आहे, की फलाटावर?" तिथं कोण अडकलं ते लगेच कळतं. इंग्रजी शिकवणारे याला कन्सेप्ट चेकिंग म्हणतात; नाव भारी, काम साधं. प्रश्न शब्दापेक्षा सोपा हवा आणि तो शब्द प्रश्नात यायला नको. 'बॉरो' शिकवलास तर विचार, "काकूंकडून वाटीभर साखर आणली. ती परत द्यायची का? आणली कोणी, दिली कोणी?" एकाच प्रश्नावर थांबू नको, हो-नाही अंदाजानंही बरोबर येतं. उत्तर पाटीवर लिहायला लाव आणि सगळ्यांच्या पाट्या एकदम वर करायला सांग. नाहीतर पहिल्या बाकावरची हुशार पोरगी बोलते अन् बाकीचे तिच्यामागे.

तुझ्याकडे मेळघाटातलं एखादं लेकरू असेल, घरी कोरकू बोलणारं, तर त्याला तुझा मराठी प्रश्नही परकाच. त्याला चित्र काढू दे, बोट दाखवू दे. गप्प आहे म्हणजे येत नाही, असं धरून चालू नको बाई.

आणि तोच 'ऑलमोस्ट' चार दिवसांनी पुन्हा विचार, फक्त गाडीऐवजी क्रिकेटचा झेल घे.