टोचनच्या जुन्या गाडीचे गंजलेले ब्रेक पाइप

कोकणपट्टीत गॅरेज चालविणाऱ्या आपल्या अनेक बांधवांकडे टोचनसाठी एखादी जुनी जीप ठेवलेली असते. दिवसभर ती गॅरेजच्या कोपऱ्यात उभी राहते आणि कुठे गाडी बंद पडल्याचा निरोप आला की निघते. गिऱ्हाइकांच्या गाड्या दुरुस्त करण्याच्या गडबडीत या घरच्या गाडीकडे पाहायला कोणाला सवड नसते. इंजिन चालू होते, हुक मजबूत आहे, एवढ्यावर भागविले जाते. खाली चेसिसला लागून गेलेले ब्रेकचे पाइप मात्र वर्षानुवर्षे गंजत असतात. हे पाइप कसे तपासावेत, केव्हा बदलावेत आणि ते काम नीट कसे करावे, याची माहिती या लेखात देत आहोत.

हा विषय आम्ही निव्वळ पुस्तकातून घेतलेला नाही. काही वर्षांपूर्वी भर पावसात आमची जीप परशुराम घाट उतरत होती. मागे लोखंडी दांड्याने एक मोटार बांधलेली होती. मध्येच पेडल एकदम फळीपर्यंत खाली गेले. पहिला गियर आणि हँडब्रेक यांच्या जोरावर गाडी डोंगराकडच्या गटारात घातली, म्हणून जीव वाचले. मोटारीचा पुढचा भाग मात्र चेपला आणि त्याची भरपाई आम्ही केली. नंतर जीपखाली शिरून पाहिले, तर दोनच महिन्यांपूर्वी आम्हीच पाइपाला घातलेला जोड शाबूत होता. पाइप फुटला होता तो जोडापासून वीतभर पुढे! एका जागी गंजून फुटलेला पाइप बहुतेक वेळा सगळीकडेच गंजलेला असतो, हा धडा आम्हाला त्या दिवशी मिळाला.

दाब किती असतो?

ब्रेकच्या पाइपातला दाब किती असतो याचा हिशेब पुष्कळ कारागीर करीत नाहीत. समजा, पायाचा जोर ३० किलो आहे आणि पेडलच्या दांडीमुळे तो पाचपट होतो. म्हणजे मास्टर सिलिंडरच्या पिस्टनवर १५० किलो जोर आला. सिलिंडरचे भोक १ इंचाचे असेल तर त्याचे क्षेत्रफळ साधारण ५ चौरस सेंटिमीटर भरते. म्हणजे तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ३० किलो झाला. घाबरून पाय दाबला तर तो याच्याही बराच वर जातो. मोटारीच्या टायरमध्ये हवा असते ती सुमारे २ किलो! आणि हा सगळा दाब सहन करणाऱ्या पाइपाची जाडी किती? सर्वसाधारण ब्रेक पाइप बाहेरून ४.७५ मिलिमीटरचा, म्हणजे ३/१६ इंचाचा असतो आणि त्याचा पत्रा जेमतेम ०.७ मिलिमीटर जाड असतो. त्यातला निम्मा गंजाने खाल्ला तर उरले काय?

जुन्या जीपमध्ये मास्टर सिलिंडर बहुधा एकेरी असतो. कुठेही एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक एकाच वेळी जातात. दुहेरी सिलिंडरच्या गाडीत निदान निम्मे ब्रेक शिल्लक राहतात. त्यात टोचनचे काम. मागच्या गाडीचे वजन जीपइतकेच असेल तर थांबवायचा भार दुप्पट होतो. मागच्या गाडीत ब्रेक मारायला माणूस बसविला तरी तिचे इंजिन बंद असते. त्यामुळे व्हॅक्यूमची मदत एक-दोन दाबांत संपते आणि पेडल दगडासारखे होते. शेवटी सगळा भरवसा पुढच्या गाडीच्या ब्रेकवरच राहतो.

गंज कुठे शोधावा?

समुद्राची खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि मासळीच्या गाड्यांतून रस्त्यावर गळणारे खारे पाणी, ही आपल्याकडची तीन मोठी कारणे आहेत. मिरकरवाडा किंवा हर्णै बंदरावर ये-जा असलेली गाडी वरून चकचकीत दिसली तरी खालून खाल्लेली असू शकते. चिखलात खारे पाणी मुरते आणि चिखल सुकला तरी क्षार पाइपाला चिकटून राहतो.

गाडी नुसत्या जॅकवर उचलून खाली जाऊ नये. घोड्या लावाव्यात आणि जमिनीवरच्या चाकांना ठोकळे द्यावेत. मग पुढील जागा पाहाव्यात : पाइप धरणाऱ्या क्लिपांच्या आत, चेसिसवर चिखल साठतो तिथे, मागच्या अॅक्सलच्या वर आणि नटाच्या तोंडाशी. क्लिप उघडल्याशिवाय तपासणी पुरी झाली असे समजू नये, कारण ओल तिथेच टिकते.

वायर ब्रश मारल्यावर पाइप गुळगुळीत निघाला तर गंज वरवरचा आहे. तो साफ करून वर रंगाचा हात द्यावा. पापुद्रे सुटले, बोटाला खड्डे लागले किंवा ओलसर डाग दिसला तर पाइप बदलायलाच हवा. ब्रश मारताना पाइप गळू लागला तर ब्रशला दोष देऊ नये. घाटात फुटायचा तो गॅरेजात फुटला, हे बरेच झाले.

यानंतर पेडल जोराने दाबून मिनिटभर धरावे. ते हळूहळू खाली जात असेल आणि बाहेर कुठेही ओल नसेल, तर मास्टर सिलिंडरच्या आतील रबर गेलेले असण्याचा संभव आहे.

टाळावयाचे उपाय

गंजलेल्या पाइपाला वेल्डिंग किंवा पितळेचा डाग देऊ नये. रबरी नळी चढवून पट्टी आवळण्याचा तर विचारही करू नये. फ्रिजचा तांब्याचा पाइप स्वस्त मिळतो आणि हाताने वळतो, म्हणून तो वापरण्याचा मोह होतो. परंतु शुद्ध तांबे सततच्या थरथरीने कडक होते आणि त्याला चिरा जातात. रिंग दाबून बसविण्याचे पाण्याच्या नळाचे जोडही ब्रेकला चालत नाहीत.

दुहेरी पत्र्याचा स्टीलचा ब्रेक पाइपच घ्यावा. समुद्रकाठच्या गाडीसाठी तांबे आणि सुमारे १० टक्के निकेल यांच्या मिश्रधातूचा पाइप मिळाला तर अधिक चांगला. थंडीत रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या स्वीडनमध्ये व्होल्वो कंपनीने १९७०च्या दशकातच तो वापरायला सुरुवात केली. तो गंजत नाही आणि सहज वळतो.

काम कसे करावे?

नटांवर आदल्या रात्रीच गंज सोडविणारे तेल सोडावे. साध्या पान्ह्याने नट गोल होतो. म्हणून पाइप आत जाण्यापुरती फट असलेला रिंग पान्हा वापरावा. तरीही नट हलला नाही तर जुना पाइप नटाजवळ कापून टाकावा आणि नटावर सहा कोनांचा बॉक्स पान्हा चढवावा. पाइप जाणारच आहे, त्याची दयामाया नको. गॅसची ज्योत लावू नये. ब्रेक ऑइल पेट घेते आणि जवळचे रबर जळते.

जुना पाइप काढल्यावर फेकू नये, नव्यासाठी तोच नमुना आहे. लांबी दोरीने मोजावी. नवा पाइप हॅक्सॉने न कापता पाइप कटरने कापावा आणि आतली कीस साफ करावी. तोंड फुलविण्यापूर्वी नट पाइपावर चढविला आहे ना, हे पाहावे. ही चूक शिकाऊ मुलांकडूनच होते असे नाही! जुन्या पाइपाचे तोंड ज्या आकाराचे होते तेच नव्याला करावे. साधारणपणे ते दुमडून दुहेरी फुलविलेले असते. एकेरी फुलविलेले तोंड चिरते. पाइप गोल ठोकळ्यावर सावकाश वळवावा, चेपला तर तो तुकडा बाद करावा. सायलेन्सर, स्प्रिंग आणि प्रोपेलर शाफ्ट यांच्यापासून तो दूर ठेवावा. सर्व क्लिपा रबर घालून परत बसवाव्यात. त्याच वेळी चाकांकडे जाणारे रबरी होज पाइपही पाहावेत. फुगलेले किंवा चिरलेले असतील तर तेही बदलावेत.

तेल आणि हवा

गाडीच्या पुस्तकात सांगितलेलेच ब्रेक ऑइल, डॉट ३ किंवा डॉट ४, सीलबंद डब्यातून घ्यावे. ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषते. नवे डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषल्यावर ही मर्यादा १४० अंशांपर्यंत येऊ शकते. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत. लांब उतारावर तेल उकळले की वाफ होते, वाफ दबते आणि पेडल पोकळ लागते. शिवाय हेच पाणी पाइप आतून गंजवते. इंजिन ऑइल किंवा डिझेलचा थेंबही या तेलात जाऊ देऊ नये, रबर फुगून बाद होते.

हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करावी. पुस्तकात वेगळा क्रम दिला असेल तर तो पाळावा. एकाने पेडल दाबून धरावे, दुसऱ्याने निप्पल उघडावा, तो बंद झाल्यावरच पहिल्याने पाय उचलावा. डबी कधीही रिकामी होऊ देऊ नये. जुन्या गाडीत पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवावा. पेडल तळापर्यंत गेले तर आतले रबर सिलिंडरच्या गंजलेल्या भागावर घासून फाटते. बाटलीत निघालेले तेल पुन्हा वापरू नये. शेवटी पेडल पूर्ण जोराने दाबून प्रत्येक नट कोरड्या कापडाने पुसून पाहावा. मग मोकळ्या मैदानात, मागे काहीही न बांधता, गाडी चालवून पाहावी.

व्यवहाराची बाजू

या कामात पाइपाचा खर्च थोडा असतो. मोठा खर्च आहे तो वेळेचा. जीप दिवस-दोन दिवस उभी राहते, तेवढ्या फेऱ्या बुडतात. याच हिशेबाने आम्ही तेव्हा तुकडा जोडून भागविले होते. एका फेरीची कमाई वाचविली आणि दुसऱ्याच्या मोटारीची भरपाई भरली. धंदेवाईक गाडीला ८ वर्षांनंतर दर वर्षी पासिंग करून घ्यावे लागते, पण पासिंगचा कागद त्या दिवसापुरता असतो. गंज वर्षभर काम करतो. म्हणून पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा तपासणी करावी आणि गाडी खालून गोड्या पाण्याने धुवावी.

गिऱ्हाइकाच्या गाडीत असा पाइप आढळला तर तो काढून त्याच्या हातात द्यावा. खड्डे डोळ्यांनी दिसले की पैशांची घासाघीस बहुधा थांबते. बिलावर ‘ब्रेक पाइप नवा’ असे स्पष्ट लिहावे. ‘सध्या जोड मारून द्या’ असा आग्रह झाला तर काम नाकारावे. एक गिऱ्हाईक गेले तरी चालेल.

दांड्याने मागे बांधलेली गाडी ही आपल्याकडे आलेली अमानत असते. ती ओढून आणण्याचे पैसे आपण घेतो. पण ओढण्याइतकेच ती वेळेवर थांबविणे हेही आपले काम आहे. येत्या सुट्टीच्या दिवशी कोपऱ्यातली जीप घोड्यांवर चढवा, एक वायर ब्रश घ्या आणि पहिली क्लिप उघडून पाहा.