एकरभर मक्याला किती खर्च येतो? शॉमबर्गकरांसाठी हिशेब

1956 साली शॉमबर्गला व्हिलेजचा दर्जा मिळाला तेव्हा इथे शेतंच होती. 1971मध्ये वुडफील्ड मॉल उघडला आणि गावाचं रूप पालटलं. आता मक्याचं शिवार पाहायचं तर पश्चिमेला केन, मॅकहेन्री किंवा डिकाल्ब काउंटीत जावं लागतं. ज्याचं गावाकडे शेत आहे, अशा इथल्या मराठी माणसाला तिकडून गाडी नेताना ‘आपणही दहा एकर करून पाहावं’ असं वाटणं साहजिक आहे. जरूर करा, पण आधी वहीत आकडे मांडा.

एकरी खर्च

जमीन खंडाने घेतली आणि सगळी कामं भाड्याच्या यंत्रांनी करून घेतली, तर उत्तर इलिनॉयमध्ये अलीकडच्या दरांनी अंदाजे असा खर्च येतो (डॉलरमध्ये):

- जमिनीचा खंड: 270 ते 330
- बियाणं: 110 ते 125
- खतं: 160 ते 190
- तणनाशक, कीडनाशक: 90 ते 110
- बुरशीनाशकाची एक फवारणी: 30 ते 40
- मशागत, पेरणी, कापणी-मळणी, वाहतूक: 110 ते 150
- दाणे वाळवणं: 35 ते 60
- पीक विमा: 10 ते 20

बेरीज 815 ते 1,025 डॉलर होते. चांगल्या वर्षी एकरी 200 ते 220 बुशेल उतारा पडतो. एक बुशेल म्हणजे 25.4 किलो. बुशेलला 4 ते 4.50 डॉलर भाव धरला, तर हातात 800 ते 990 डॉलर येतात. म्हणजे खंडाच्या जमिनीवर तोंडमिळवणी झाली तरी पुष्कळ. भावाच्या भरवशावर राहू नका. 4.20 डॉलरचा भाव क्विंटलमागे साधारण चौदाशे-पंधराशे रुपये पडतो. भारतात 2025-26साठी मक्याचा हमीभाव 2,400 रुपये ठरला होता. इथला शेतकरी तगतो तो उताऱ्यावर आणि खर्चाच्या काटकसरीवर.

वाण निवडताना

बियाण्याच्या पिशवीत 80,000 दाणे असतात. एकरी 32 ते 36 हजार दाणे पेरले, तर एक पिशवी सव्वादोन ते अडीच एकरांना पुरते. उत्तर इलिनॉयसाठी 105 ते 110 दिवसांचे वाण घ्या. त्याहून उशिराचं वाण ऑक्टोबरच्या थंडीत ओलं राहतं आणि वाळवणीचा खर्च चढतो. वाळवणीला 15 टक्के ओलाव्याच्या वरच्या प्रत्येक टक्क्यामागे बुशेलला 5 ते 6 सेंट मोजावे लागतात.

इथले मुख्य रोग तीन: राखाडी ठिपके, उत्तरी करपा आणि टार स्पॉट. टार स्पॉट अमेरिकेत पहिल्यांदा 2015मध्ये इलिनॉय आणि इंडियानात आढळला. पानावर डांबराचे थेंब उडाल्यासारखे काळे, उंचवट्याचे ठिपके दिसतात. ओल्या बोटाने चोळून पाहा. पुसले गेले तर किड्याची विष्ठा, नखाने खरवडूनही राहिले तर रोगाची शंका घ्या आणि पान इलिनॉय विद्यापीठाच्या प्लांट क्लिनिककडे तपासायला पाठवा. या रोगाला अजिबात बळी न पडणारं वाण अजून नाही. काही कमी बळी पडतात, काही जास्त.

विक्रेत्याच्या तक्त्यातले गुण वाचताना काळजी घ्या. काही कंपन्यांत 9 म्हणजे उत्तम, काहींत 1 म्हणजे उत्तम. मोजपट्टी विचारल्याशिवाय दोन कंपन्यांचे वाण शेजारी ठेवून तुलना करू नका. विद्यापीठाच्या वाण चाचण्यांचे निकालही पाहा.

सगळ्या शेतात एकच वाण लावू नका. 1970मध्ये दक्षिणी करप्याने अमेरिकेतलं सुमारे 15 टक्के मका पीक बुडवलं, कारण बहुतेक संकरित वाणांत एकाच मातृवंशाचा दोष होता. वेगवेगळ्या वंशावळीचे किमान दोन वाण घ्या. पुढच्या वर्षासाठी घरचं बियाणंही राखू नका: संकरित मक्याची दुसरी पिढी एकसारखी येत नाही, आणि बहुतेक बियाण्यांच्या करारात तशी मनाईही असते.

पैसा कुठे वाचतो?

फवारणीचे 35 डॉलर म्हणजे साधारण आठ बुशेल मका. फवारणीने त्याहून जास्त पीक वाचणार असेल तरच ती परवडते. सहनशील वाण लावलेलं असेल, सोयाबीनचा बेवड असेल आणि तुरा येण्याच्या सुमारास पानं स्वच्छ असतील, तर ती टाळता येते. दहा एकरांत 350 डॉलर वाचतात. पाऊस-दमटपणा असेल आणि ठिपके दिसू लागले असतील, तर तुऱ्यापासून दाण्यात दूध भरेपर्यंतच्या काळात फवारा. उशिराची फवारणी वाया जाते.

बियाणं हिवाळ्याआधीच नोंदवा, आगाऊ पैसे भरणाऱ्याला सूट मिळते. खंडाचा करार तोंडी ठेवू नका. आणि एच-वन-बी व्हिसावर असाल, तर स्वतः शेती कसण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. जमीन घेऊन खंडाने देणं आणि स्वतः धंदा करणं या कायद्याने निराळ्या गोष्टी आहेत.

आमचा सल्ला सरळ आहे. पहिल्या वर्षी नफ्यासाठी मका करू नका. खंड घासाघीस करून ठरवा, रोग सोसणारे दोन वाण घ्या आणि दर आठवड्याला शेतात जाऊन पानं उलटून पाहा. तेवढा वेळ काढता येत नसेल, तर जमीन जाणत्या शेतकऱ्याच्याच हाती राहू द्या.