रत्नागिरीचा दरवाजा

रत्नागिरी म्हटले की तुम्हांला हापूस आंबा आठवतो. आंबा गोड आहेच, पण आज आपण आंब्याविषयी नाही, बंदराविषयी वाचणार आहोत. हसू नका! मराठीत बंदर म्हणजे माकड नव्हे. तुमच्या 'बंदरगाह'मधलेच हे बंदर आहे.

रत्नागिरी हे कोकणातील लहानसे शहर. लोकमान्य टिळकांचा जन्म १८५६ साली येथेच झाला. शहराच्या एका टोकाला रत्नदुर्ग किल्ला आहे. त्याच्या तीन बाजूंना समुद्र आहे.

पूर्वी या शहराचा मुख्य दरवाजा समुद्राकडे होता. मुंबईहून आगबोट येई. ती किनाऱ्यापासून दूर उभी राही. मग माणसे, ट्रंका, कोंबड्या, सारे काही पडावात उतरून किनाऱ्याला लागत असे. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोट बंद! मागे सह्याद्रीचे घाट, पुढे खवळलेला समुद्र.

इंग्रजांना अशीच अडचणीची जागा हवी होती. १८८५ साली त्यांनी ब्रह्मदेश जिंकला आणि तेथील राजा थिबा याला कैद केले. १८८६ साली त्याला समुद्रमार्गे येथे आणले. पुढे त्याच्यासाठी टेकडीवर मोठा राजवाडा बांधला. तो १९१० साली पूर्ण झाला. तेथून भाट्याची खाडी दिसते, समुद्र दिसतो, पण परत जाण्याची परवानगी मात्र नव्हती. राजवाडा कसला, तुरुंगच तो! १९१६ साली राजा येथेच वारला. त्याची कबरही येथेच आहे.

आता तुमच्या उर्दूच्या पुस्तकातील बहादूरशहा जफर आठवा. इंग्रजांनी त्यांना १८५८ साली दिल्लीहून रंगूनला पाठवले. तेथेच १८६२ साली त्यांचे निधन झाले. दिल्लीच्या बादशहाची कबर ब्रह्मदेशात आणि ब्रह्मदेशाच्या राजाची कबर रत्नागिरीत! ब्रह्मदेशाला आता म्यानमार म्हणतात. २०१२ साली तेथील राष्ट्राध्यक्ष मुद्दाम या कबरीचे दर्शन घ्यायला आले होते.

प्रवाशांची ती आगबोट आता राहिली नाही. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली. स्टेशन समुद्रापासून दूर, आतल्या बाजूला आहे. म्हणजे शहराचा दरवाजाच बदलला म्हणा ना!

पण मिरकरवाडा आणि राजिवडा येथील मच्छीमारांचा दरवाजा तोच आहे. त्यांच्यात आपल्या मुस्लीम बांधवांची संख्या मोठी आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. त्या दिवसांत तुम्ही तेथे गेलात, तर होड्या किनाऱ्याला विसावलेल्या दिसतील आणि माणसे जाळी विणताना दिसतील.